आडवी टाकलेली गाडी

शुक्रवार पेठ, पुणे
१४ नोव्हेंबर १९६९

प्रिय बजरंग,

तुझं पत्र परवा मिळालं. अक्षर विजयमालेचं आहे हे पाकिटावरूनच कळलं. मुलीचं अक्षर बापावर गेलं नाही, ही तुमच्या कुलदैवताची कृपा समज.

शुक्रवार पेठ ते बिबवेवाडी चार मैल. स्वारगेटला बस धरली तर अर्धा तास. एवढ्यासाठी आपण दोघं टपालखातं पोसतो आहोत. मंगळवारी तू भाजी घेऊन मंडईत आलास तेव्हा आमच्या टायरच्या दुकानावर येऊन गेलास, असं मुनीम गोपाळकृष्णपंत म्हणाले. मी नेमका बँकेत होतो. त्याआधी आलास तेव्हा नेमका दाढदुखीने घरी होतो. योग नाही, दुसरं काय!

आता मुद्द्याचं. तुझ्या धाकट्या भावाला, संपतला, सव्वीस जानेवारीच्या मोटारसायकलच्या शर्यतीत उतरायचंय आणि आईंनी निकाल माझ्यावर सोपवलाय. त्यांचे शब्द तू जसेच्या तसे लिहवून घेतलेस : “अनंता हो म्हणला तर जा. न्हाय म्हणला तर ह्या घरात फटफटीचं नाव काढायचं न्हाय. ज्यानं माज्या बजरंगापायी सोताची गाडी आडवी टाकली, त्याच्या शब्दावर दुसरं पोर देते.”

हे वाचून मी पत्राची घडी करून खिशात ठेवली आणि दिवसभर बाहेर काढली नाही.

विजयमाले, हे पत्र तूच मोठ्याने वाचणार आहेस आणि ही तुझ्या जन्माआधीची गोष्ट आहे, म्हणून चार ओळी तुझ्यासाठी. आम्ही ज्या शर्यती खेळायचो त्या गाडीला ब्रेक नसतो. गिअर एकच. मातीच्या गोल ट्रॅकवर चार फेऱ्या, वळायचं फक्त डावीकडे. डाव्या बुटाला लोखंडी तळ असतो. तो जमिनीला घासत, मागचं चाक मुद्दाम घसरवत वळण घ्यायचं. आता पुढचा पडला तर मागच्याने थांबायचं कसं? तर त्याने आपली गाडी भर वेगात जमिनीवर आडवी टाकायची आणि तिच्याबरोबर स्वतः पडायचं. म्हणजे घासत घासत गाडी थांबते आणि पुढचा वाचतो. हाडं मोडायची ती आपली मोडतात. हा नियम कुठल्या कागदावर नाही, पण तो पाळेल त्यालाच ट्रॅकवर माणूस म्हणतात. १९५५च्या सव्वीस जानेवारीला तुझे वडील माझ्यापुढे पडले. त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला, माझं गळ्याखालचं हाड मोडलं. पुढचं तू आजीकडून ऐकलंच असशील.

संपतचं विचार करून कळवतो. घाई कशाला? बावीस वर्षांचा आहे, नोकरीला लागलाय, आधी लग्नाचं बघा.

आणि एक. आईंना सांग, दर सव्वीस जानेवारीला त्या पेरूची पाटी पाठवतात ती यंदा नको. आमच्या घरी पेरू कोणी खात नाही. आमच्या सौ. हेमाला सर्दी होते.

मातोश्रींना साष्टांग नमस्कार.

तुझा
अनंत


शुक्रवार पेठ
७ डिसेंबर १९६९

प्रिय बजरंग,

तू चिडलास हे विजयमालेच्या सुवाच्य अक्षरातूनसुद्धा कळलं. “हो का न्हाय ते एका शब्दात सांग, लगनाचं आमी बघू.” बरोबर आहे तुझं. मी सतरा शब्द लिहितो आणि एकही कामाचा नसतो.

काल संपत दुकानात आला. तुझ्या वेळेस मी नसतो. ह्याच्या वेळेस मात्र मी दारातच उभा सापडलो. पोरगा तुझ्यासारखाच आहे रे, चालतोही तसाच. म्हणजे तू चालायचास तसा. काउंटरला टेकून म्हणाला, “दादा, तुमी फकस्त हो म्हणा. पडायला मी शिकलोय.”

“पडायला शिकलोय म्हणजे?”

“लहानपणापास्नं नांगरटीत सायकल आडवी टाकतोय. आता फटफटी टाकतो. आई वरडती. पर आधी पडायला आलं पायजे, मग पळवायला. तुमचंच हाय की ते.”

मी म्हणालो, दुकानात गर्दी आहे, नंतर बोलू. दुकानात एक गिऱ्हाईक होतं, तेही पत्ता विचारायला आलेलं.

बजरंग, मी एका शब्दात सांगतो : नको. पाठवू नकोस त्याला. कारण विचारशील, म्हणून लिहितो. तू म्हणतोस, “तुज्यासारखी मानसं ट्रॅकवर असताना भ्यायचं कशाला?” अरे, ट्रॅकवर सगळे सारखे नसतात. धूळ असते, डोकं तापलेलं असतं. मागचा काय करेल ते त्याचं त्यालाही आधी माहीत नसतं. भरवसा ठेवायची ती जागाच नव्हे.

हारग्रीव्हसाहेबाची आठवण काढ. तो असता तर त्याने नकोच म्हटलं असतं. कॅम्पातल्या त्याच्या गॅरेजमागे तू त्याच्या स्वैपाकघरात भाजी द्यायला यायचास, मी कॉलेज बुडवून यायचो, आणि तो आपल्याला लष्कराच्या लिलावातल्या गाड्या सोलायला बसवायचा. ब्रेक काढा, दिवे काढा, सीट काढा. उरेल त्यावर बसा. एकोणीसशे अठ्ठावीस साली विलायतेत हा खेळ नवा नवा आला तेव्हा हा गिरणीकामगाराचा पोरगा एकोणीस वर्षांचा होता. कोळशाच्या राखेचा ट्रॅक, वीस-वीस हजार माणसं बघायला. पाच-सहा वर्षांत त्याने नाव काढलं. पोस्टकार्डांवर फोटो विकायचे त्याचे. मोडलेली अकरा हाडं तो आपल्याला बोटाने दाखवायचा, जणू पदकंच. आणि चौतीस साली, पंचविशीत, ऐन भरात त्याने एका दिवसात गाडी सोडली ती कायमची. फौजेत मेकॅनिक म्हणून भरती झाला, इकडे आला आणि राहिला. तू एकदा विचारलं होतंस, “सायब, सोडलं का?” तर म्हणाला, “पेट्रोल खतम.” आपण हसलो होतो.

मला त्याने खरं कारण सांगितलं होतं. ते पुन्हा कधी.

तेव्हा संपतला सांग, अनंतदादा नको म्हणतो. रागावला तर माझ्यावर रागावू दे.

अनंत


शुक्रवार पेठ
२४ डिसेंबर १९६९

प्रिय बजरंग,

बरं बाबा. जाऊ दे त्याला.

आईंनी स्वतः तुझ्याबरोबर मंडईपर्यंत यावं, गोपाळकृष्णपंतांपुढे दुकानाच्या पायरीवर बसावं आणि “अनंता का न्हाय म्हणतोय ते त्याच्या तोंडून ऐकल्याबिगर उठत न्हाय” म्हणावं, हे काही बरं नव्हे. मी आतच होतो. बाहेर आलो, तर त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, “पोराच्या जिवाला धोका हाय म्हून न्हाय म्हणतोस, का आनिक काय हाय?” मी म्हणालो, “तसं काही नाही आई. मी उगाच घाबरलो. जाऊ दे त्याला.” तू सगळं ऐकलंसच.

त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला आणि चहा न घेता उठल्या, बस चुकेल म्हणून.

तर आता सगळं नीट होऊ दे. त्याच्या डाव्या बुटाचा तळ मी स्वतः बसवून देतो. कासेवाडीचा लोहार चांगला आहे. गुडघ्याला चामड्याची टोपी. जॅकेटची बाही मनगटाशी बांधायची. गळ्याभोवती रुमाल, धूळ नाकात जाऊ नये म्हणून. मागच्या चाकात हवा कमी ठेवायची. पहिल्या फेरीत पुढे जायची घाई करायची नाही. मी वळणाशी उभा राहीन. फार काळजी करू नका. हल्ली गाड्याही बऱ्या असतात, ट्रॅकवर पाणी मारतात, दवाखान्याची गाडी उभी असते. उगाच घाबरलो होतो मी.

सर्वांना नाताळच्या सुट्टीच्या, म्हणजे तसं आपलं काय नाताळ, पण असो.

अनंत


शुक्रवार पेठ
३० जानेवारी १९७०

बजरंग,

हे पत्र विजयमालेला वाचायला देऊ नकोस. तू चौथी शिकलेला आहेस. वेळ लागला तर लागू दे, पण तूच वाच.

सव्वीस तारखेला शर्यतीनंतर दवाखान्यात तुम्ही सगळे होतात. संपतची मांडी प्लास्टरमध्ये, खांदा बांधलेला, आणि चेहरा असा की नुकतं लग्न ठरलंय. तुला तिथे चौघांनी चार प्रकारे सांगितलं. मी वळणाशीच होतो, तेव्हा आधी मी पाहिलं ते लिहितो. तिसरी फेरी. पुढचा पोरगा खडकीचा, घसरला आणि ट्रॅकच्या मधोमध पडला. संपत त्याच्या मागे फार तर चार हातांवर. आतल्या दोरीच्या बाजूने वाट होती. मला दिसली म्हणजे त्यालाही दिसली असणार. त्याने तिकडे बघितलंही नाही. गाडी डावीकडे निजवली आणि तिच्याबरोबर गेला. गाडी त्या पोराच्या डोक्याच्या अलीकडे हातभर अंतरावर थांबली. खडकीचा पोरगा उठून स्वतःच्या पायांनी चालत गेला.

मी दोरी ओलांडून धावलो. संपतने मला ओळखलं आणि म्हणाला, “दादा, तुमच्यावानीच केलं का न्हाय?”

मी हो म्हणालो.

आणि मग दवाखान्यात आई आल्या. आधी संपतच्या कपाळाला हात लावला आणि लगेच माझ्याकडे वळल्या. दृष्ट काढावी तशी माझ्यावरून बोटं मोडली. “तुज्यामुळं लेकरू शानं झालं,” म्हणाल्या. खोलीतल्या नर्सला सांगितलं, ह्यो त्यो. नर्सने हात जोडले. आणि मी, बजरंग, मी ते घेतलं. मान खाली घालून घेतलं, म्हणजे विनय वाटावा.

आता पुढचं लिहितो.

१९५५ साली मी गाडी आडवी टाकली नाही.

तिसऱ्याच फेरीत तू पडलास. मी तुझ्यामागे दोन गाड्यांच्या अंतरावर होतो. टाकायला वेळ होता. नव्हता असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो, पण होता. आत दोरीच्या बाजूला वाट दिसली. मनात काय आलं तेही सांगतो, कारण तेच सगळ्यात वाईट आहे : आता मी पहिला. मूठ पिळली आणि त्या वाटेत घुसलो. तू घसरत होतास, तुझा पाय तिकडे आला. माझं पुढचं चाक तुझ्या नडगीवरून गेलं. मला ते हातात जाणवलं, हँडलमध्ये. त्या धक्क्याने मी उडालो आणि पलीकडे पडलो. माझं हाड त्याने मोडलं. तुला वाचवताना नाही मोडलं.

धूळ एवढी होती की कोणाला काही दिसलं नाही. तू बेशुद्ध. माझी गाडी आडवी पडलेली, मी तिच्याशेजारी. भोंग्यावरून बोलणारा माणूस उत्साही होता, दिसलं नसलं तरी बोलायचं हे त्याचं काम. तो ओरडला, “मागच्या स्वाराने मित्रासाठी गाडी टाकली!” लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी जमिनीवर पडून ते ऐकलं आणि डोळे मिटून घेतले. बस, एवढंच केलं मी. खोटं असं बोललोच नाही. लोक बोलत गेले, मी ऐकत गेलो. पेठेतल्या गणेश मंडळाने शाल आणि नारळ दिला तेव्हाही मी भाषण केलं नाही. तेव्हासुद्धा सगळे म्हणाले, किती साधा माणूस आहे!

एका माणसाला कळलं होतं. हारग्रीव्हसाहेब दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर गेला आणि ते वळण पायी चालून आला. मग मला दवाखान्यात भेटायला आला. खुर्ची ओढून बसला आणि त्याच्या त्या हिंदीत म्हणाला, “गाडी गिराता तो जमीन पर लंबा निशान रहता. हम देखा. निशान किधर है?” मग त्याने चौतीस सालचं सांगितलं. त्याच्यापुढेही एक पडला होता, त्यानेही वाट शोधली होती. तो माणूस तिसऱ्या दिवशी गेला. लोक साहेबाला म्हणाले, तुझा काय दोष, नशीब! त्या दिवसानंतर तो गाडीवर बसला नाही. त्याचं पेट्रोल असं संपलं होतं. उठताना म्हणाला, “हम नहीं बोलेगा. तुम बोलेगा. बजरंग को तुम बोलेगा.”

तो थांबला होता, बजरंग. एकसष्ट साली मरेपर्यंत थांबला. मी गॅरेजवर गेलो की माझ्याकडे नुसता बघायचा. त्याला पुरलं तेव्हा तू कुबड्यांवर उभा राहून रडत होतास आणि मी तुझ्या खांद्यावर हात ठेवून उभा होतो. मला तेव्हा बरं वाटत होतं. आता कोणी बघणार नाही, म्हणून बरं वाटत होतं. त्यानंतर मी तुझ्याकडे यायचं सोडलं, ते दुकानामुळे नाही.

त्याने गाडी सोडली. मी सोडली नाही, हेही लिहून टाकतो. हाड जुळल्यावर मी आणखी चार वर्षं खेळलो. मुंबई, मद्रास, बंगलोर. सगळीकडे माझ्याआधी ती गोष्ट पोचलेली असायची. आयोजक मला बोलवायचे ते तेवढ्यासाठी. स्वार म्हणून मी तुझ्या निम्माही नव्हतो. तीन कप आहेत घरात. हेमा दसऱ्याला चिंच लावून घासते.

पेरूंचंही खोटं होतं. हेमाला पेरू फार आवडतात. दर वर्षी पाटी आली की मी ती तशीच वाड्यात वाटून टाकतो, आणि ती विचारते, एक तरी ठेवा हो. मला ते घरात बघवत नाहीत. आणि नोव्हेंबरात त्या मंगळवारी मी बँकेत नव्हतो. टायरच्या थप्पीमागे उकिडवा बसलो होतो. तुझी कुबडी फरशीवर टेकल्याचा आवाज ऐकला, परत गेल्याचाही ऐकला, आणि मग बाहेर येऊन पंतांना म्हटलं, धूळ फार झालीय, जरा झटका.

डिसेंबरात मी हे सगळं लिहिलं होतं. चार पानं. संपतला पाठवू नको म्हणालो त्याचं खरं कारण त्यात होतं : तुम्ही त्याला पाठवताय ते माझ्यावरच्या भरवशावर, आणि तो भरवसाच खोटा आहे. रात्री पानं शेगडीत घातली. हेमाने विचारलं, काय जाळताय? म्हटलं, जुनी बिलं. आणि आईंनी पायरीवर बसून तोंडावर विचारलं, “का आनिक काय हाय?” एवढं सोपं करून विचारलं. तर मी तुमचं पोर ट्रॅकवर पाठवलं, पण तोंड उघडलं नाही. त्याच्या मागचा कोणी माझ्यासारखा निघाला असता तर? मला माहीत होतं, असे असतात. मला एक तर चांगलाच माहीत होता.

मला लाज वाटते. हा शब्द किती लहान आहे. पण दुसरा सापडत नाही.

तुझा पाय मी घेतला, बजरंग. आणि तुझे आभारही मीच घेतले.

माफी मागत नाही. मागायचं तोंड नाही.

अनंत


शुक्रवार पेठ
१६ फेब्रुवारी १९७०

बजरंग,

तुझं कार्ड मिळालं. स्वतःच्या हाताने लिहिलेलं. किती वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. पाठ झालंय : “पत्र वाचलं. दोन दिस लागले. पायाचं मी कदी कुनाला बोललो न्हाय, तुलाबी बोलत न्हाय. शर्यतीत पाय जातो. पर पंदरा वर्सं दर पाडव्याला मी तुज्या नावानं देवाफुडं हात जोडले त्याचं काय करू ते सांग. आईला सांगितलं न्हाय. संपतलाबी न्हाय. तू येऊन सांग.”

म्हणून काल आलो. नऊ वर्षांनी. स्वारगेटवरून बस अर्ध्या तासातच पोचते, तेवढं खरं निघालं. तुमच्या आळीच्या तोंडाशी आता एका बिल्डरची पाटी लागलीय; मी घर चुकलो आणि एका म्हातारीला विचारलं. ती म्हणाली, “लंगड्या बजरंगाचं व्हय? त्ये काय.”

तू ओट्यावर होतास. मला बघून उठलास, कुबडी घेतलीस, विहिरीकडे निघून गेलास. बरोबर केलंस. मीही तुझ्याजागी ऐकायला थांबलो नसतो. पण पुढे काय झालं ते तुला घरातलं कोणी सांगेल की नाही ठाऊक नाही, आणि सांगायची जबाबदारी माझी आहे, म्हणून लिहितो.

संपत खाटेवर होता. प्लास्टरवर विजयमालेने त्याचं नाव लिहिलंय. आई तांदूळ निवडत होत्या. मला बघून सूप बाजूला ठेवून उठायला लागल्या, “आलास व्हय रं, आगं इजे, पाणी आन” म्हणाल्या. मी म्हटलं, “आई, आधी ऐका. मग पाणी द्यायचं की नाही ते ठरवा.” विजयमाला तांब्या घेऊन दारातच थांबली.

मी सांगितलं. पत्रात लिहिलं तेवढं लांबवलं नाही. गाडी टाकली नाही, वाट दिसली म्हणून घुसलो, बजरंगचा पाय माझ्या चाकाखाली गेला. एवढंच. बसून सांगवेना म्हणून उभं राहून सांगितलं.

संपत आधी हसला. थट्टा वाटली त्याला. मग म्हणाला, “दादा, असं काय बोलताय?” मी म्हटलं, “खरं तेच बोलतोय.” त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. खांदा बांधलेला, त्यामुळे धड वळताही येईना त्याला. मला वाटलं, आता हा पोरगा म्हणेल, खोट्या गोष्टीपायी मी मांडी मोडून घेतली. म्हणाला असता तर मी ऐकून घेतलं असतं.

मी आईंच्या शिव्यांची वाट बघत होतो. खरं सांगायचं तर मला त्या हव्या होत्या. त्यांनी पुन्हा सूप मांडीवर घेतलं, दोन-तीन खडे काढून टाकले, आणि मग मला विचारलं, अगदी सरळ आवाजात, एखाद्या भाजीचा भाव विचारावा तसं :

“मंजी आधी कुनीच केलं नव्हतं?”

मी म्हटलं, “नाही आई. निदान मी पाहिलेलं नाही. मी तर नाहीच.”

“सायबानं?”

“साहेबानेही नाही.”

त्या उठल्या. खाटेपाशी गेल्या, संपतच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्याचं तोंड आपल्याकडे वळवलं. म्हणाल्या, “आयकलं का? कुनाचं बगून न्हाय केलंस तू. कुनी केलंच नव्हतं. तू पैल्यांदा केलंस.”

संपत रडला. बावीस वर्षांचा बाप्या, लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. त्या त्याचं डोकं थोपटत राहिल्या. विजयमालाही तांब्या खाली ठेवून त्याच्याकडे गेली. मी तिथे उभा होतो ते कोणाच्या ध्यानातही नव्हतं. बजरंग, पंधरा वर्षं तुमच्या घरात ज्या जागेवर मी बसलो होतो, ती जागा त्या क्षणी रिकामी झाली आणि ज्याची होती त्याला मिळाली. मला वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. वाटलं. खूप वाटलं.

थोड्या वेळाने आईंनी मागे न बघता म्हटलं, “जा आता तू.”

मी निघालो. विहिरीपाशी तू पाठमोरा बसलेला दिसलास. हाक मारली नाही. त्या जोडलेल्या हातांचं काय करायचं ते तूच ठरव. बस यायला वेळ होता, तेव्हा चालत आलो. ऊन होतं, घसा कोरडा पडला होता. निघताना तांब्या उंबऱ्याशी तसाच होता, पण मला कोणी पाणी विचारलं नाही आणि मीही मागितलं नाही.

अनंत